परसदाराकडची शेवंती

नांदे, ता. मुळशी
२२ जून २०२५

मोने,

पाकीट बघून तुला वाटलं असेल, ऑफिसचंच काहीतरी आलंय. नाही गं बाई, तुझी नलूवहिनी आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला तर तो एका टिकेवर अडकून बसतो. तुझा दादा म्हणाला, तिनं आपल्याला ब्लॉक केलंय. म्हटलं, केलं तर केलं, कागद कसा ब्लॉक करशील? तुझ्या मैत्रिणीला गोड बोलून होसूरच्या ऑफिसचा पत्ता काढला. तिच्यावर चिडू नकोस, ती बिचारी माझ्यापुढे कुठे टिकणार?

दोन वर्षं झाली, मोने. एवढा राग? मी या घरात आले तेव्हा तू नववीत होतीस, तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी तू माझा बांगड्यांचा डबा उघडून सगळ्या हातात चढवून बसली होतीस. तेव्हापासून तुझ्या वेण्या घातल्या, कॉलेजचे डबे भरले, तू जमिनीवर वायरींचा पसारा मांडून बसायचीस तेव्हा त्यातून पाय चुकवत स्वयंपाक केला. भांडण तुझं आणि आबांचं. मी काय घोडं मारलं तुझं? मी रागावले की तुला वन्सं म्हणते, लक्षात आहे ना? तर वन्सं, आता कामाचं ऐका.

तुमची पेटी भंगारात गेलेली नाही.

तू बॅग घेऊन निघालीस त्या दुपारी आबांनी ती पॉलीहाऊसच्या खांबावरून उपटली आणि भंगाराच्या पोत्यात टाकली, हे खरं. पण भंगारवाला यायच्या आत मी ती काढली, जुन्या साडीत गुंडाळली आणि तांदळाच्या पिंपात खाली दडवून ठेवली. तुझ्या दादालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता ती बाहेर काढायची वेळ आली आहे. यंदा आबांनी जरबेरा उपटून टाकला आणि पार परसदारापर्यंत शेवंतीचे बेड केलेत. दिवाळी धरायची आहे. तू गेल्यापासून आम्ही रात्री साधे पिवळे बल्ब लावतो, सगळेच्या सगळे एकदम. बिल आलं की तुझ्या दादाचा चेहरा बघवत नाही. एवढी शेवंती वाढवून तेच बल्ब लावले तर फुलं विकून आम्ही वीजच खाणार.

तू शिकवलेलं मला पाठ आहे, चुकलं तर सांग. शेवंतीला रात्र मोठी मिळाली की ती कळी धरते. दांडा उंच व्हायच्या आत तिनं कळी धरू नये म्हणून मध्यरात्री दिवा दाखवून तिची झोप मोडायची. त्याला दिवा सारखा लागत नाही. थोडा वेळ लावला, थोडा वेळ बंद ठेवला तरी ती फसते. झोपलेल्या पोराला मधनंमधनं हलवलं तर ते जागंच राहतं, तसं. म्हणून तुझी पेटी पॉलीहाऊसचे चार भाग करते आणि पाळीपाळीनं एकेका भागातले लाल दिवे लावते. एक भाग उजेडात, बाकीचे तीन अंधारात, आणि शेवंतीला वाटतं सगळीकडे दिवसच आहे.

तिचा आजारही मला माहीत आहे. लाइट गेली की पेटी वेळ विसरायची. आणि आपल्याकडे लाइट जाणं म्हणजे काय नवलाई आहे का? त्या साली मध्यरात्रीचे दिवे भर दुपारी लागत राहिले. उन्हात कुणाला दिसणार? रात्री मिट्ट काळोख. शेवंती वीतभर दांड्यावर फुलून बसली, तीही गणपतीच्या आधी. आडते बघायला आले आणि त्यांच्यासमोर आबा बोलून गेले, "पोरीला इंजिनेर केली अन् तिनं माझं पीक खाल्लं." तू उलटून बोललीस, मग ते म्हणाले, "परत हितं पाय ठिवू नको." तूही ठेवला नाहीस. एक हट्टी, दुसरं त्याहून हट्टी.

तर त्या विसरण्यावर औषध काय, ते कळव. आणि घरी कधी येतेस तेही. घर तुझ्याशिवाय सुनं सुनं वाटतं, हे मी सरळ लिहिते, मला आडवळणानं बोलता येत नाही.

तुझी
नलूवहिनी


नांदे
२७ जुलै २०२५

वन्सं,

हो, वन्संच. तुमचं पत्र पोचलं. त्यात ना वहिनी, ना कशी आहेस. नुसता नकाशा काढून पाठवलात. अमक्या पायाशी हा सेल बसव, तमकी तार तोड, तारेला कथलाचा डाग देताना जास्त वेळ तापवू नकोस. आणि खाली एकच ओळ माणसासारखी, "आबा स्वतः बोलावतील तेव्हा येईन." वाचून मी ओट्याशी थोडी रडले आणि मग कांद्यावर ढकललं. पण ठीक आहे. अट कळली. दगडाला पाझर फुटायला हवा, एवढंच ना? आता मी आहे आणि तो दगड आहे.

घड्याळाचा सेल बसवला. बटणाएवढा तर आहे मेला, आणि त्याच्यापायी केवढं रामायण झालं! आता लाइट गेली तरी तेवढ्या सेलवर पेटीचं घड्याळ चालत राहतं. डाग मी दिला. तुझ्या दादाचा हात थरथरतो, तो नुसता टॉर्च धरून "सांभाळ, सांभाळ" करत होता. माझं बोट भाजलं ते त्याच्या सांभाळण्यामुळेच. पहिल्यांदा सुरू केली आणि आतून तो टक् आवाज आला, तेव्हा मला वाटलं, तू मागे खाली बसली आहेस आणि आता म्हणशील, वहिनी चहा टाक.

आबांना काय सांगायचं हा प्रश्न होता. तुझी जुनी पेटी त्यांनी लांबून ओळखली असती. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पांढरी कोरी पेटी आणली आणि तुझं सगळं काळीज काढून तिच्यात बसवलं. तुझा दादा आबांना म्हणाला, कंपनीचा टायमर आणलाय. आबांनी विचारलं, "कुटली कंपनी?" झालं, याची बोबडी वळली. मीच म्हटलं, तिकडची आहे आबा, बेंगळूरच्या बाजूची. होसूर बेंगळूरच्या बाजूलाच आहे ना? मग खोटं काय बोलले?

आबा रात्री एकदा उठून बघून आले आणि सकाळी चहाला बसल्यावर म्हणाले, "एक पट्टा लागला की दुसरा इझतोय. बिघडलाय जनू." तुझ्या दादानं सगळं समजावून सांगितलं. आबांनी मान हलवली. पटलं नव्हतं. मग बिल आलं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. नंतर घडी करून बंडीच्या खिशात घातलं आणि पारावर जाऊन चारचौघांना दाखवून आले. जेवताना मला म्हणतात, "बघ नलिनी, कंपनीचा माल त्यो कंपनीचा माल. साउथची मान्सं डोक्यानं लई तेज." मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. हसू आवरेना, आणि मग हसताहसताच वाईट वाटायला लागलं. ज्या डोक्याचं कौतुक चाललंय ते डोकं याच घरात मी तेल लावून चोळलंय.

मी अजून सांगितलेलं नाही. पीक हातात येऊ दे. दिवाळीला शेवंती उभ्या दांड्यानं फुलली की मी आबांसमोर उभी राहून सांगणार आहे की ही पेटी कुणाची. तोवर तोंडाला कुलूप. माझ्यासारखीनं कुलूप लावायचं म्हणजे काय हाल होतात, तुला माहीत आहे.

जेवतेस ना नीट? तिकडे सगळ्यात नारळ आणि चिंच घालतात म्हणे.

तुझी
नलूवहिनी


नांदे
१० सप्टेंबर २०२५

मोने,

घात झाला गं.

तू लिहिलंस त्याप्रमाणे पंधरा ऑगस्टच्या आधी दिवे बंद केले. आता रात्र मोठी, शेवंतीनं कळी धरायची. धरली की! सगळीकडे हरभऱ्याएवढ्या कळ्या. दांडा माझ्या कमरेपर्यंत, एकासारखा एक. आणि परसदाराकडचे दोन बेड? काही नाही. पानंच पानं. हिरवीगार, माजलेली, आणि कळीचं नाव नाही. बाकीच्या सगळ्या सुना बाळंत व्हायला आल्या आणि या दोघी आरशात बघत बसल्या आहेत.

तुझ्या दादाचा जीव टांगणीला लागला. म्हणाला, पेटी परत चुकली. मी म्हटलं, गप बस, पेटी बंद करून महिना झाला. पण मनात माझ्याही पाल चुकचुकली. एखादी तार कुठे चिकटून राहिली असेल, तिकडचे दिवे गुपचूप लागत असतील. मोने, मला काळजी फुलांची नाही. हे पीक साधलं नाही तर आबांना तुझं नाव कोणत्या तोंडानं सांगू?

आबा मात्र पेटीला काही बोलले नाहीत. "कंपनीचा माल हाय, त्यो चुकत न्हाई. ही त्या टावरवाल्यांची करणी." आपल्या शेजारी आता मोठी सोसायटी झाली आहे, तू पाहिलेली नाहीस. नानाच्या शेतात होती ना विहीर, तिथे आता त्यांचा पोहायचा तलाव आहे. त्यांचे दिवे रात्रभर जळतात. मला पटलं. मी पदर खोचला आणि थेट त्यांच्या ऑफिसात गेले.

त्यांचा सेक्रेटरी म्हणजे टी-शर्ट घातलेला गोरा मुलगा. म्हणतो, "मॅडम, लाइट ऑफ केली तर सेफ्टीचा इश्यू होतो." मी म्हटलं, तुमच्या सेफ्टीपायी आमच्या पोरी झोपत नाहीत. तो घाबरला. "किती मुली आहेत तुम्हाला?" मी म्हटलं, दोन बेड भरून आहेत, या बघायला. आला बिचारा. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मला घेऊन पॉलीहाऊसला फेरी मारली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आमची लाइट तर पुढच्या साइडला पडतेय. मागे तुमचंच घर आडवं आहे ना." बघते तर खरंच! पुढचे बेड, ज्यांच्यावर त्यांचा लांबून पुसटसा उजेड येतो, तिथे कळ्या. मागचे, जिथे घराची सावली, तिथे नाहीत. एवढी भांडून आले आणि शेवटी त्याला चहा आणि शंकरपाळे द्यावे लागले. चार खाल्ले, आणि वर विचारतो, फुलं होम डिलिव्हरी करता का!

तर आता तूच सांग. पेटीत काही राहिलंय का? मी झाकण उघडून बसले आहे, कुठे बघू? लवकर लिही, माझी झोप उडाली आहे. कळी धरायची असती तर मीही धरली नसती.

तुझी
नलूवहिनी


नांदे
१९ सप्टेंबर २०२५

माझी मोना,

तुझं पत्र या वेळी दोन पानी आलं. वर "प्रिय वहिनी" होतं. खाली "तुझं बोट बरं झालं का" होतं. ते मी दोनदा वाचलं आणि मगच मधलं वाचायला घेतलं.

तू लिहिलंस, पेटीची मुख्य तारच काढून ठेवली असेल तर तिचा दोष असूच शकत नाही, त्या दोन बेडांवर दुसरा कुठला तरी दिवा पडतोय, मागच्या बाजूला चार पावलांवर काय आहे ते शोध. शेवंतीला जवळून पडणारा साधा दिवाही पुरतो, तिला वाटतं अजून दिवस मावळलाच नाही. वाचलं आणि मी परसदारी जाऊन उभी राहिले. समोर शेवंतीचे ते दोन बेड, आणि माझ्या डोक्यावर परसदाराचा बल्ब.

पण तो आम्ही लावतच नाही गं! तू गेल्यापासून परसदारातून जातं-येतं कोण? मी झोपताना तो बंद असतो, उठते तेव्हाही बंद असतो. त्याचं बटण आबांच्या खाटेच्या उशाशी. मला शंका आली. दुपारी झाडलोट करताना मी स्टुलावर चढून बल्ब काढला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. कुणाला काही बोलले नाही.

सकाळी बघते तर होल्डरमध्ये नवा कोरा बल्ब!

आबा न्याहरीला बसले होते. मी भाकरी थापता थापता विचारलं, "आबा, परसदाराचा दिवा कोण लावतं?"

"लागत असंल."

"आपोआप?"

"आता समदं आपोआपच लागतंय की तुमचं."

"अन् बल्ब पण आपोआप बदलतो का?"

ते चटणीत बोट फिरवत बसले. मग मी सरळच सांगितलं. आबा, त्या दिव्यानं दोन बेड अडलेत. शेवंतीला रात्र होतच नाही, म्हणून ती कळी धरत नाही. टॉवरवाल्यांचा दोष नाही, कंपनीच्या पेटीचा नाही. त्या बल्बाचा आहे. मला वाटलं, आता पाटावरून उठतील आणि बल्ब काढून फेकतील. त्यांच्या पिकाला कुणी हात लावला तर काय होतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

ते म्हणाले, "बेंगळूरच्या गाड्या वाकडला अंधारातच लागत्यात."

मला कळेना. "कुठल्या गाड्या?"

"मी पुलाखाली जाऊन इचारून आलोय. तांबडं फुटायच्या आत सोडत्यात. रिक्षावाला फुडं रस्त्यावर उतरवणार. मंग ती परसातनं येणार, हमेशा तिकडनंच येती. त्या टावरवाल्यांनी वाटंत चारी खणलीया, माणूसभर खोल. तिला काय ठावं? ती तिच्या सवईनं येणार, मोबाईलमदी बघत."

मोने, तव्यावरची भाकरी करपली. मला उलथनं सापडेना, आणि ते माझ्याच हातात होतं.

"कधीपासून लावताय?" मी विचारलं.

"चारी खणल्यापासनं."

म्हणजे गेल्या दिवाळीपासून. म्हणजे तुझं नाव या घरात कुणी काढलं की जो माणूस ताटावरून उठून जायचा, तो रोज सगळे झोपल्यावर तुझ्यासाठी दिवा लावत होता आणि आम्ही उठायच्या आत मालवत होता. आणि मला वाटायचं, दगड आहे! मी मेलीनं तुला तसं लिहिलंसुद्धा.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, आबा, मी हातात टॉर्च घेऊन रोज पहाटे उभी राहते हवं तर, पण आता दिवा बंद ठेवू. अजून वेळ गेलेली नाही. दिवाळी नाही, पण लग्नसराईला तरी ते बेड येतील.

"नगं."

"पीक जाईल."

"दोन बेडच हायेत. जाऊ दे."

ऐकलंस? जाऊ दे म्हणाले. शेवंतीसाठी ज्यांनी तुला घराबाहेर काढलं, ते तुझा पाय मुरगळू नये म्हणून शेवंती सोडायला तयार आहेत. मी तुला काय सांगू, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि एक धपाटा घालावासाही वाटला. माणसाला तोंड आहे ना? दिवा लावायच्या ऐवजी एक फोन लावता आला नसता?

उठताना त्यांनी मला बजावलं, "ह्यातलं तिला काय लिवू नको." मी म्हटलं, मी कुठे लिहिते? तर म्हणाले, "पोस्टमन पाकिटं माझ्याच हातात देतोय. मिसळणाच्या डब्याखाली कोण ठेवतंय मग? तुजा नवरा?" अगं आई गं! मला इतके दिवस वाटायचं, तुझा दादाच ठेवतो.

त्यांनी लिहू नको म्हटलं आणि मी लिहिलं. त्यांच्या मनातही तेच होतं, नाहीतर पाकिटाचं बोललेच नसते. तू म्हणशील, अजून त्यांनी बोलावलं कुठे आहे? नाहीच बोलावलं. मी तुला फसवणार नाही. पण मला राहवलं नाही.

तुझी
नलूवहिनी


नांदे
१४ ऑक्टोबर २०२५

मोना,

तुझं पत्र आलं नाही. मी समजले. लिहायला बसली असशील आणि लिहिता आलं नसेल. मीही हे तीनदा फाडलं.

शेवंती फुलली गं. अशी फुलली की बघत राहावं. पुढचे सगळे बेड पांढरे आणि पिवळे झालेत, दांडे सरळसोट, एकही वाकडा नाही. आज तोड सुरू केली. आडते स्वतः गुलटेकडीच्या मार्केटातून गाडी घेऊन आले, तेच ते, त्या सालचे. एक दांडा हातात धरून फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "आबा, या सीझनला असा माल बघितला न्हाई. काय केलंत?"

आबा छाती काढून म्हणाले, "टायमर हाय कंपनीचा. बेंगळूरकडचा."

आणि माझं कुलूप तुटलं. मी डोक्यावर फुलांचा क्रेट घेऊन चालले होते, तो तिथेच ठेवला आणि म्हटलं, "कुठली कंपनी अन् कुठलं काय! ती आपल्या मोनाची पेटी आहे. तीच, जी तुम्ही पोत्यात टाकली होती. विसरायची, ती तिनं पत्रातून बरी केली. मी फक्त डाग दिलाय." तुझ्या दादानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता आभाळ कोसळतंय.

आबा चालत खांबापाशी गेले. पेटीचे स्क्रू काढायला लागले, बोटांना जमेना, तेव्हा तुझ्या दादानं झाकण काढून दिलं. ते आत बघत उभे राहिले, कितीतरी वेळ. त्या बारीक बारीक डागांवरून एक बोट फिरवलं, लावलं नाही, नुसतं वरून. मग म्हणाले, "हे समदं तिनं हातानं जोडलंय?"

"हो आबा. आपल्या ओसरीवर बसून."

"मी बघितलं न्हाई कदी."

मग ते परत आडत्यांकडे आले. आडते गडबडून म्हणाले, "तुमच्या कोणत्या पोरीची पेटी ही?" आबा म्हणाले, "मला एकच हाय." आणि मग त्यांनी त्यांना हाताला धरून खांबापाशी नेलं, पेटी दाखवली, आणि चार पट्टे पाळीनं कसे लागतात, वीज कशी वाचते, लाइट गेली तरी घड्याळ कसं चालतं, हे सगळं सांगत बसले. निम्मं चुकीचं सांगितलं, पण मी मध्ये बोलले नाही. मोने, तू असायला हवी होतीस. मला तुझा इतका राग आला त्या क्षणी, की तू का नाहीस इथे!

संध्याकाळी मी कागद घेऊन बसले तर ते समोर येऊन बसले. "तिलाच लिवती न्हवं?"

"हो."

"लिव मंग. दिवाळीला ये म्हनावं."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आबा, माझं ती ऐकत नाही. तिची अट आहे, तुम्ही स्वतः बोलवायचं. मला नुसतं सांगून भागणार नाही.

"मला कुटं लिवता येतंय तसलं."

"तसलं म्हणजे कसलं? तुम्हाला जे येतं ते लिहा."

त्यांनी आधी हात धुतले. मग चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. बंडीच्या खिशातून आपलं पेन काढलं, आणि या कागदावर खाली राहिलेल्या जागेकडे बघत बसले आहेत. मी उठते आता. मी समोर बसले तर ते लिहिणार नाहीत. पुढचं मी वाचणार नाही, पाकीट तेच चिकटवतील.

वहिनी


मोना

दोन बेड अडलेत. दिवा चालू हाय म्हणून. तू येस्तोवर मी बंद करणार न्हाई. नलिनी म्हणती फुलं लग्नसराईला येतील पण दिवा बंद झाला तर.

पेटी बघितली. चांगली हाय. मी त्या वेळी बघायला पायजे होती.

दिवसाची गाडी मिळाली तर दिवसाची धर. न्हाई मिळाली तरी ये. चारीवर फळी टाकलीया, दोघं जाऊ शकतील एवढी रुंद.

घरी ये.

आबा